मुलाला दहावं लागलंय, कार्टिंगचं वेड डोक्यात बसलंय. गोव्यात राहून पुढे जाता येतं का?

डिचोलीची आई
रविवार, रात्री 10:42

नमस्कार सगळ्यांना. आम्ही डिचोलीला राहतो, नवऱ्याचं गॅरेज आहे, आधी खाणीवरचे ट्रक यायचे दुरुस्तीला, 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून स्कूटर आणि टूरिस्ट टॅक्सी एवढंच. मुलाला आता दहावं लागलंय. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या सुट्टीत त्याच्या मामाने त्याला हडफड्याला कार्टिंगला, म्हणजे त्या छोट्या उघड्या रेसच्या गाड्या चालवायला नेलं, दहा मिनिटांचं तिकीट, आणि घरी येऊन पोरगं जेवताना मला सांगतंय, आई, माझ्या पुढचा तो काका वळणाच्या आधी ब्रेक मारतो आणि मी वळणात मारतो म्हणून मी मागे राहतो. आठ वर्षांचा होता तेव्हा. मला गाडीतलं काही कळत नाही पण हे ऐकून नवरा हातातला घास ताटात ठेवून त्याच्याकडे बघतच राहिला.

तेव्हापासून वर्षातून चार-पाच वेळा जातो. लॅप टायमिंगची छापील चिठ्ठी मिळते ती तो कंपासपेटीत ठेवतो, सगळ्या आहेत अजून, शाई उडाली तरी टाकत नाही.

आता विचारायचं हे की याला पुढे काही रस्ता आहे का. टीव्हीवर फॉर्म्युला वन दिसतं पण ती मुलं तिथे पोचतात कशी, कितव्या वर्षी काय करतात, खर्च किती, शाळेचं काय, हे आमच्या ओळखीत कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला वाटतं करूया, मला भीती वाटते, पैशाचीही आणि लागायचीही. कोणी मुलांना घातलं असेल तर खरं काय ते सांगा प्लीज.

---

म्हापशाचा बाप
सोमवार, सकाळी 7:15

ताई, माझी मुलगी दोन सीझन कार्ट चालवायची, आता दहावीला आहे म्हणून बंद केलंय, तेव्हा जे बघितलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट, भाड्याची कार्ट आणि रेसिंग कार्ट यात सायकल आणि बुलेटएवढा फरक आहे. भाड्याच्या कार्टला चारी बाजूंनी बंपर, जड असते, चुकलं तरी सांभाळून घेते. रेसिंग कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही, मागचा अ‍ॅक्सल सरळ एकच दांडा, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरणार आणि वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, मग ती वळेल कशी? तर वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं. स्टिअरिंग, सीट कुठे बसवलीय, पोराचं वजन कुठे पडतंय, यावर सगळा खेळ. तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा, गॅरेजवाला माणूस लगेच पकडेल.

आम्ही कोल्हापूरला जायचो मोहितेंच्या ट्रॅकवर, पहाटे चारला निघून आंबोलीमार्गे. पहिल्या दिवशी मुलीने आठ लॅप मारल्या आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवतात तिथे, आली ती रडतच, हात उघडेनात, बोटं स्टिअरिंगच्या आकाराचीच राहिली होती. रात्री बरगड्यांवर निळे डाग. पट्टा नसतो ना कार्टमध्ये, वळणात शरीर सीटच्या कडेवर आपटतं, त्यासाठी छातीला बरगड्यांचं जॅकेट मिळतं ते हेल्मेटच्याही आधी घ्या, आम्ही उशिरा घेतलं. मी म्हटलं झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तीच मला उठवायला आली.

देशातली मोठी स्पर्धा रोटॅक्सची, म्हणजे रोटॅक्स कंपनीच्या इंजिनवरच्या कार्टची, मायक्रो मॅक्स, मिनी मॅक्स, ज्युनिअर, सीनिअर असे वयाचे गट असतात, तुमचा मुलगा मायक्रो-मिनीच्या मधे बसेल. इंजिनला सील असतं, कोणी आत हात घालायचा नाही, म्हणजे सगळ्यांचं सारखं. आणि गटाप्रमाणे कार्ट अधिक चालक असं कमीत कमी वजन ठरलेलं असतं, पोरगं हलकं असेल तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने बसवतात. माझ्या मुलीला बऱ्याच लागायच्या, आणि त्या कुठे बसवल्या त्यावरून कार्टचा स्वभाव बदलायचा.

खर्चाचं विचाराल तर दोन सीझनमध्ये एक चांगली नवी कार आली असती. टायरच खातात सगळे पैसे. आणि एक सांभाळा, आम्हाला एका टीमने ताजं बांधलेलं म्हणून जे इंजिन भाड्याने दिलं त्याचे तास कितीतरी झालेले होते, पोरगी सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या मागे पडायची आणि रात्रभर स्वतःलाच दोष द्यायची. ते अजून आठवलं की जीव जळतो. लॉगबुक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

---

टायर आणि तेल
सोमवार, दुपारी 1:30

मी मूळ पेडण्याचा, नोकरीमुळे काही वर्षं चेन्नईला होतो, तिथे ट्रॅकवर मार्शल म्हणून, म्हणजे चालकांना झेंडे दाखवायला, उभा राहायचो सुट्टीच्या दिवशी. कार्टच्या पुढचं मी सांगतो.

कार्टनंतरची पायरी फॉर्म्युला फोर, पण 15 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती नाही. म्हणजे ताई तुमच्याकडे अजून पाच वर्षं आहेत आणि ती सगळी कार्टचीच. भारतात एफआयएची, म्हणजे जागतिक मोटर रेसिंग संघटनेची एफ फोर 2023 पासून सुरू झालीय, 2024 ला चेन्नईत रात्री दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर रेस झाली ती याच स्पर्धेची. त्याशिवाय आपली जुनी एलजीबी फॉर्म्युला फोर आहे, मारुतीचं 1300 सीसी इंजिन, कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईला होते, नाव सारखं असलं तरी गाडी वेगळी. युरोपच्या मानाने स्वस्त, आणि इथल्या कितीतरी पोरांनी सिंगल सीटर, म्हणजे एकाच सीटची रेसची गाडी, काय असते ते त्यातच शिकलंय.

पुढे फॉर्म्युला रीजनल, मग एफ थ्री, एफ टू. या शेवटच्या दोन फॉर्म्युला वनच्याच वीकेंडला त्याच ट्रॅकवर होतात, म्हणून टीमवाल्यांच्या डोळ्यांसमोर असतात. आणि एफ वनसाठी सुपर लायसन्स लागतं, तीन सीझनमध्ये 40 पॉइंट. एफ टू जिंकली की एका झटक्यात 40, एफ थ्रीला 30, कुठल्याही देशाची एफ फोर जिंकली तरी फक्त 12. वय 18 ठेवलंय कारण वेरस्टॅपेन 2015 ला 17 व्या वर्षीच एफ वनमध्ये उतरला आणि मग नियम बदलला, आता अपवाद म्हणून 17 ला देतात.

आपली मुलं कुठवर गेली? एफ वनमध्ये नारायण कार्तिकेयन 2005, करुण चांढोक 2010, बस, दोनच. त्यानंतर मुंबईचा जेहान दारुवाला, 2011 ला फोर्स इंडिया या एफ वन टीमने देशभरातून तीन पोरं निवडली त्यातला एक. कार्टमधून फॉर्म्युला रेनो, एफ थ्रीत 2019 ला तिसरा, मग एफ टूचे चार सीझन, 2020 ला बहारीनमधल्या साखिरला जिंकला तेव्हा एफ टू जिंकणारा पहिला भारतीय. मॅक्लारेन या एफ वन टीमने टेस्टला गाडी पण दिली. तरी सीट नाही मिळाली, विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई ला गेला. बंगळुरूचा कुश मैनी 2025 ला मोनॅकोत एफ टूची स्प्रिंट म्हणजे छोटी रेस जिंकला, ती मी मोबाइलवर बघत होतो, राष्ट्रगीत लागलं तेव्हा उभाच राहिलो, बायको म्हणाली काय झालं. एफ वनमध्ये जागा वीस-बावीस आणि त्याही दरवर्षी रिकाम्या होत नाहीत, म्हणून इतकं चांगलं चालवूनही दारात थांबावं लागतं.

---

फोंडेकर काका
सोमवार, रात्री 9:05

मी शाळेत शिकवत होतो, आता निवृत्त. रेसिंगमधलं तुमच्याइतकं कळत नाही पण नातवामुळे बघतो आणि एक बोलावंसं वाटतं.

मुलगी, वर जी नावं आली त्यांचं कौतुक आहेच, पण त्यातल्या बहुतेकांच्या मागे पैशाचं मोठं बळ होतं हेही डोळ्यांआड करू नकोस. एफ वनमधल्या हॅमिल्टनच्या वडिलांनी पोरासाठी दोन-दोन तीन-तीन नोकऱ्या केल्या हे खरं, पण 13 व्या वर्षी मॅक्लारेनने त्याला हाताशी धरलं म्हणून ते निभावलं. युरोपात एफ टूचा एक सीझन म्हणजे कोटींची गोष्ट. गॅरेज गहाण टाकून ते होणार नाही आणि टाकूही नये. दहा वर्षांच्या पोराला घरातल्या कर्जाचा वास येतो गं, तो मग गाडी नाही चालवत, हप्ते चालवतो. मी वर्गात क्रिकेटची अशी मुलं बघितली आहेत, आउट झाल्यावर आधी बापाकडे बघायची.

म्हणून आकडा आजच ठरवा, दोघांनी बसून, वर्षाला इतकेच, आणि तो त्याच्यासमोर बोलू नका. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ थ्रीपर्यंत गेला, म्हणजे आपल्या शेजारून वाट निघते. पण ती अर्ध्यावर थांबली तरी ज्याला चाक का उचललं जातं हे दहाव्या वर्षी कळतं त्याला इंजिनिअरिंगला, टीमच्या डेटावर, मेकॅनिक म्हणून काम आहे. बापाचं गॅरेज तर त्याला आयती शाळाच.

---

डिचोलीची आई
मंगळवार, रात्री 11:20

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं दोनदा वाचलं. आकडा ठरवला, भांडण झालं थोडं पण ठरवला. तीन वर्षं, दागिन्यांना आणि जागेला हात नाही, शाळेत पहिल्या दहात राहायचं. टीममध्ये लगेच घालत नाही, आधी दोन दिवस नुसतं रेसिंग कार्टमध्ये बसवून बघायचं, कोल्हापूरला नाहीतर बंगळुरूला, फोन करून विचारतोय. म्हापशाचे भाऊ, जॅकेट आधी घेतोय, आणि तुमच्या मुलीला सांगा की रात्रभर स्वतःला दोष द्यायची गरज नव्हती, इंजिनचा दोष होता, मला ते वाचून फार वाईट वाटलं.

चाक उचलायचं वाचून दाखवलं तर नवरा रात्री गॅरेजमध्ये जाऊन एका लोखंडी दांड्याला दोन बेअरिंग लावून आला आणि दोघं जमिनीवर बसून ते फिरवत होते साडेदहापर्यंत. आणि शिशाच्या पट्ट्यांचं ऐकल्यावर पोरगा समोरच्या दुकानात जाऊन तांदळाच्या काट्यावर उभा राहिला. सव्वीस किलो आठशे. आता विचारतोय की पट्ट्या सीटच्या डाव्या बाजूला लावायच्या की उजव्या, कारण इंजिन एका बाजूला असतं ना. भाऊ, काय सांगू त्याला?

---

म्हापशाचा बाप
बुधवार, सकाळी 6:50

इंजिन उजवीकडे असतं, त्यामुळे पट्ट्या बहुतेक डावीकडे. पण पक्कं ठरवायचं चार वजनकाट्यांवर, चारी चाकं चार काट्यांवर ठेवून आणि त्याला हेल्मेटसकट आत बसवून. जायच्या आधी म्हापशाला या, मुलीचं जुनं जॅकेट आणि हातमोजे पडून आहेत, त्याला येतील. ती म्हणतेय मीच समजावते त्याला.