मुलाला व्हीलचेअरसह नेता येईल अशी गाडी : कुटुंबाला मदत नेमकी कशी करावी?

प्रश्न

माझ्या मावसबहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मानेला आधार असलेल्या व्हीलचेअरवर तो बसतो. आजवर आईवडील त्याला उचलून गाडीच्या मागच्या आसनावर बसवत आणि खुर्ची सुटी करून डिकीत ठेवत. पण आता त्याचे वजन तीस किलोंच्या घरात गेले आहे आणि बहिणीच्या कंबरेने असहकार पुकारला आहे. त्यामुळे थेरपीच्या वेळा चुकू लागल्या आहेत.

आम्ही सात-आठ नातेवाईक आणि मित्र मिळून, खुर्चीसकट आत जाता येईल अशी एक वापरलेली गाडी त्यांना घेऊन देण्याच्या विचारात आहोत. जमलेली रक्कम पुरी पडणार नाही, म्हणून उरलेल्या पैशांसाठी समाजमाध्यमांवर आवाहन करावे असे काहींचे म्हणणे आहे. बहीण संकोची आहे आणि तिच्या यजमानांना कुणापुढे हात पसरणे अजिबात आवडत नाही. म्हणून गाडी दारात उभी राहीपर्यंत त्यांना काहीच सांगायचे नाही, असे आमचे ठरले आहे. गाडी निवडताना आणि पैसे उभे करताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : एका मुलीची आई

सर्वांत आधी बहिणीला सांगा. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण आमच्या बाबतीत अगदी हेच घडले होते. सासरच्या मंडळींनी प्रेमाने गाडी आणली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले की खुर्चीवर बसलेल्या मुलीचे डोके दाराच्या वरच्या कडेला लागते. तिला पुढे वाकवून आत घ्यावे लागे, आणि पाठीचा कणा आधीच वाकलेल्या मुलीला तसे वाकवणे म्हणजे प्रत्येक फेरीला एक छोटी शिक्षाच होती. कुणाचे मन दुखवायचे नाही म्हणून आम्ही दीड वर्ष ती गाडी तशीच वापरली.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी मूल खुर्चीवर बसलेले असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, खुर्चीची सर्वांत जास्त रुंदी आणि पायटेकणीसकट लांबी मोजा. खुर्ची आणि मूल यांचे एकत्रित वजनही करून ठेवा. नऊ वर्षांचा मुलगा अजून बराच वाढायचा आहे आणि त्याची खुर्चीही बदलणार आहे. पुढेमागे विजेवर चालणारी खुर्ची आली तर तिचे एकटीचे वजनच अनेकदा शंभर किलोंच्या वर जाते. आज जेमतेम बसेल अशी गाडी घेतली, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा हाच प्रश्न घेऊन तुम्ही इथे याल.

दुसरे म्हणजे, बहिणीला महिनाभर एक वही ठेवायला सांगा. कुठे जायचे होते, कसे गेलो, किती वेळ ताटकळलो, कुणी उचलले, आणि मुख्य म्हणजे कोणते जाणे रद्द झाले, एवढेच त्यात लिहायचे. आमच्या वहीतून असे दिसले की बहुतेक फेऱ्या दोनच ठिकाणांच्या आणि ठरलेल्या वेळांच्या होत्या. त्या फेऱ्या दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर भाड्याच्या गाडीने सहज वाटून घेता आल्या असत्या. पण तोवर हप्ते सुरू झाले होते.

उत्तर : आसनव्यवस्था आणि चलनसाधनांचे काम करणारा थेरपिस्ट

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गाडीत खुर्ची मावते का, हे सगळे पाहतात. ती गाडीत कशी बांधली जाणार आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो.

वाहनात आसन म्हणून वापरायच्या व्हीलचेअरसाठी आयएसओ ७१७६-१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते २२ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या व्यक्तींना धरून केलेले आहे, म्हणजे आपला मुलगा त्यात येतो. या मानकाच्या चाचणीत ताशी ४८ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या धडकेइतका धक्का, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट, खुर्चीला दिला जातो. तीस किलोंचे मूल आणि पंचवीस किलोंची खुर्ची धरली, तर त्या क्षणी पट्ट्यांवर अकराशे किलो टांगल्यासारखा भार येतो. म्हणून खुर्ची पुढे तोंड करून, पुढचे दोन आणि मागचे दोन अशा चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला बांधायची, आणि मुलासाठी कमरेचा व खांद्याचा पट्टा वेगळा लावायचा. खुर्चीवर नीट बसते राहण्यासाठी जे पट्टे असतात, ते अपघातात धरून ठेवण्यासाठी केलेले नसतात. पाठ उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त मागे कलंडलेली नसावी आणि प्रवासात खुर्चीवरचा ट्रे काढून ठेवावा. मुलाला गाडीच्या आसनावर किंवा योग्य आधाराच्या बालआसनावर सुखरूप हलवता येत असेल, तर साधारणपणे तेच अधिक सुरक्षित असते. पण त्यासाठी आईची कंबर मोडणार असेल, तर तो पर्याय कागदावरच राहतो.

आता रॅम्पविषयी. गाडीचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल आणि इमारतींसाठी सुचवला जातो तसा १:१२ चा सौम्य चढ हवा असेल, तर रॅम्प ७.२ मीटर लांब लागेल, जे गाडीला शक्यच नाही. १:४ चा चढ केला, तर लांबी अडीच मीटरच्या आत येते, पण मूल आणि खुर्ची वाढल्यावरचा, समजा ऐंशी किलोंचा, एकत्रित भार ढकलायला घर्षण सोडूनही सुमारे एकोणीस किलोंचा जोर लागतो. म्हणूनच तळ खाली घेतलेली गाडी महाग असली, तरी रोजच्या वापरात ती परवडते. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल, तर खुर्ची ओढून घेणारी विजेची विंच किंवा लिफ्ट पाहावी. फक्त तिच्या दुरुस्तीची सोय आधी विचारून घ्यावी.

उत्तर : अशाच एका गटाचे हिशेब ठेवलेला सदस्य

मी फक्त पैशांपुरते बोलतो. अनेक सहाय्य योजना आधीच झालेल्या खरेदीची भरपाई देत नाहीत. आधी अर्ज, मग मंजुरी आणि शेवटी खरेदी, असा त्यांचा क्रम असतो. त्यामुळे सरकारी मदत, विमा आणि सेवाभावी संस्था या सर्वांकडे चौकशी केल्याशिवाय गाडीला हात लावू नका. कुटुंबाला उत्पन्न किंवा मालमत्ता पाहून मिळणारी एखादी मदत चालू असेल, तर तुम्ही खात्यात भरलेली मोठी रक्कम ती मदत बंद पाडू शकते. शक्यतो रक्कम थेट विक्रेत्याला किंवा बदल करून देणाऱ्याला द्या आणि ही भेट आहे की उसनवारी, हे लेखी ठेवा.

समाजमाध्यमांवरच्या आवाहनाला माझा स्पष्ट विरोध आहे. मुलाचा फोटो आणि आजाराचा तपशील एकदा बाहेर गेला की तो परत घेता येत नाही, आणि मोठेपणी त्याला हे आवडेल का, हे आज कुणीच विचारत नाही. आवाहन करायचेच असेल, तर ते ओळखीच्या लोकांपुरते ठेवा.

आणखी एक गोष्ट. खरेदीच्या वेळी सगळे पुढे येतात; विमा, इंधन, टायर आणि लिफ्टची देखभाल यांच्या वेळी कुणी नसते. आमच्या गटातील चौघांनी एकरकमी देण्याऐवजी दरमहा थोडी रक्कम तीन वर्षे देण्याचे कबूल केले, आणि त्या कुटुंबाला खरा आधार त्याच पैशांचा झाला.

उत्तर : एक वाचक

गाडी जरूर घ्या, पण शाळा आणि थेरपी केंद्र यांनाही वाहतुकीविषयी लेखी विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या कलम २० मध्ये, व्यक्तीच्या पसंतीच्या पद्धतीने व वेळी आणि परवडेल अशा खर्चात हालचाल करता यावी, असे म्हटले आहे. ही जबाबदारी सात-आठ नातेवाइकांचीच आहे, असे आपण इतक्या सहज धरून चाललो, याचे मला वाईट वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल बहिणीला आणि यजमानांना सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. यजमानांनी मात्र निम्मी रक्कम उसनी म्हणून घ्यायचे मान्य केले. वही कालपासूनच सुरू झाली आहे. पहिल्याच पानावर तिने रद्द झालेल्या जाण्यांच्या रकान्यात थेरपी लिहिली नव्हती, मुलाच्या मित्राचा वाढदिवस लिहिला होता.

मापेही घेतली. खुर्चीवर बसल्यावर मानेच्या आधारासकट उंची १२४ सेंटिमीटर भरली. आम्ही जवळजवळ पक्की केलेल्या गाडीचे दार ११९ सेंटिमीटर आहे. विसार दिलेला नव्हता, म्हणून आज सकाळीच फोन करून नको म्हणून कळवले.