अर्धवट ड्यून बग्गी घरी आणलीये, आधी ट्रेलर बनवू का आधी गाडी?

चँडलरकर
नमस्कार मंडळी, मी फिनिक्सजवळ चँडलरला असतो, मूळचा नाशिकचा. गेल्या महिन्यात शेजारच्या एका आजोबांकडून ड्यून बग्गी (वाळूत पळवायची हलकी, उघडी गाडी) घेतली. १९६९ च्या फोक्सवॅगन बीटलचं पॅन (खालचा तळ) कापून आखूड केलेलं, वर मँक्स या मूळच्या प्रसिद्ध बग्गीसारखी फायबरग्लासची बॉडी (ओरिजिनल नाही, कॉपी आहे), पुढचं बीम (पुढची चाकं धरणारा भाग) आणि स्टिअरिंग बसवलेलं, पण १६०० सीसीचं इंजिन सुटं करून तीन खोक्यांत भरलेलं, ब्रेकच्या लाइन नाहीत, वायरिंग अजिबात नाही. आजोबांनी हौसेने सुरू केली, मग नोकरी बदलली, मुलं झाली आणि ती चाळीस वर्षं गॅरेजमध्येच राहिली. देताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, त्यामुळे ही पूर्ण करायचीच असं मनात घेतलंय.

आता अडचण अशी की घरी आणायला भाड्याचा ट्रेलर घ्यावा लागला, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत न्यायची तर एका बाजूने दोनशे मैलांच्या वर अंतर आहे, दर वेळी भाडं कुठून भरू, म्हणून ट्रेलर स्वतःच वेल्ड करायचा विचार आहे. मोबाइल होमखालचा (कारखान्यात बनवून चाकांवर ओढून नेतात त्या घराखालचा) जुना एक्सल, म्हणजे चाकांचा आस, चाकांसकट स्वस्तात मिळतोय. तो घेऊ का? एक्सल फ्रेमच्या नक्की कुठे बसवायचा? आणि आधी ट्रेलर का आधी गाडी, कारण बायकोचं म्हणणं आहे की अंगणात एकाच्या दोन अर्धवट वस्तू होतील आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

जुना_बीटलवाला
दादा, तो एक्सल घेऊ नका. ती टायरं घर कारखान्यातून जागेवर नेण्यापुरती असतात, दर महिन्याला हायवेवर पळवायला नाहीत, आणि रिमसुद्धा वेगळ्या जातीच्या, साधं ट्रेलरचं टायर त्यावर चढत नाही. ३५०० पौंडांचा नवा एक्सल घ्या. बग्गी १२००-१४०० पौंड, ट्रेलर ७००-८०० धरा, म्हणजे भरपूर झाला.

एक्सल कुठे, हा खरा प्रश्न आहे. सगळे सांगतील की फ्रेमच्या लांबीचा ६० टक्के भाग पुढे आणि ४० मागे ठेवा. साध्या सामानाला ते चालतं, पण तुमच्या बग्गीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतंय. नाक पुढे करून चढवली की सगळं वजन ट्रेलरच्या शेपटीवर जातं आणि हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर, काही उरतच नाही. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के टंगवर (ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर) हवंच, तुमच्या बाबतीत साधारण २०० ते ३०० पौंड. माझ्याकडून ही चूक झालेली आहे. कॅलिफोर्नियात आय-८ हायवेवरून ओकोटिलोच्या दिशेने घाट उतरताना ट्रेलर डावी-उजवी मारायला लागला, मी ब्रेकला हात न लावता फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि तो हळूहळू सरळ झाला, मुलगा शेजारी बसला होता, त्या दिवशी हात किती वेळ थरथरत होते ते आठवतंय. (कॅलिफोर्नियात शिरल्यावर ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांच्या वर जायचं नाही, हेही लक्षात असू द्या.)

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. इंजिन गाडीत बसल्याशिवाय तिचं वजन कुठे पडतं ते कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय स्प्रिंगचे हँगर (एक्सल ज्यांवर फ्रेमला टांगतात ते) पक्के वेल्ड करू नका. फ्रेम खुशाल बनवा, पण एक्सल शेवटी. गाडी चढवा, पुढे-मागे सरकवून बघा, उलटी चढवून पण बघा. टंगचं वजन घरच्या काट्यावर मोजता येतं: तीन फुटी फळी, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, टंग विटेपासून एक फुटावर टेकवायची, काटा दाखवेल त्याला तीनने गुणा. गुणण्याआधी, नुसती फळी ठेवल्यावर काटा दाखवतो तेवढं वजा करायला विसरू नका.

पिथमपूर_बाहा
मी पुण्याचा, कॉलेजात असताना आमच्या टीमची गाडी बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी पिथमपूरला टेम्पोत घालून नेली होती, त्यावरून एकच सांगतो. पट्टे चेसीला बांधू नका, चाकांवरून किंवा एक्सलला बांधा. आम्ही रोल केजला (वरच्या नळ्यांच्या सांगाड्याला) आवळून बांधली होती, खड्ड्यात सस्पेन्शन दाबलं की पट्टा ढिला व्हायचा आणि धुळ्याच्या अलीकडे एक हूक सुटलाच. चाकं बांधली की वरची गाडी हवी तेवढी हलू दे.

टक्सनची_काकू
चँडलरकर, आमच्याकडेही अशीच एक होती, मी आणि ह्यांनी मिळून पाच वर्षांत रस्त्यावर आणली. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीचला पहिली मँक्स बनवली, नंतर तिच्या नकला इतक्या निघाल्या की हजारो लोकांनी बॉडी आणली, पॅन कापलं आणि तिथेच थांबले. कारण कापेपर्यंत मजा असते, त्यानंतर ब्रेक, वायरिंग आणि कागद. तुम्ही ब्रेकपासून सुरुवात करा. गाडी चाकांवर ढकलता आली आणि थांबवता आली की गॅरेजमधला अर्धा त्रास संपतो, ट्रेलरवर चढवणं पण सोपं.

आणि पैसे खर्च करण्याआधी पॅनचा नंबर बघा. मागच्या सीटखाली मधल्या टनेलवर (पॅनच्या मधल्या उंचवट्यावर) कोरलेला असतो, तो टायटलवरच्या (गाडीच्या मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी जुळलाच पाहिजे. पुष्कळांनी वेल्डिंग करताना तो घासून टाकलाय. घरी बनवलेल्या ट्रेलरला पण इन्स्पेक्शन करून नंबर घ्यावा लागतो, एमव्हीडीत (ॲरिझोनाच्या वाहन नोंदणी कार्यालयात) न्यायचाय, त्यामुळे स्टीलच्या पावत्या फेकू नका.

चँडलरकर
काकू, वाचल्यावर लगेच टॉर्च घेऊन गेलो. गंज होता, वायर ब्रशने घासला (हळूच), नंबर शाबूत आहे आणि टायटलशी जुळतोय! मोबाइल होमचा एक्सल नको म्हणून कळवलं. शनिवारी मास्टर सिलिंडर आणि ब्रेक लाइन घेतो, इंजिनाची खोकी त्यानंतर उघडणार. बीटलवाले दादा, ट्रेलरच्या फ्रेमला तीन इंची चॅनल पुरेल का, का टंगला जाड घेऊ?

जुना_बीटलवाला
बाजूंना पुरेल. टंगला बॉक्स ट्यूब घ्या आणि ती पहिल्या क्रॉसमेंबरपर्यंत (फ्रेमच्या आडव्या दांड्यापर्यंत) न थांबवता एक्सलपर्यंत मागे न्या. सेफ्टी चेन टंगखालून एकमेकींवरून आडव्या. फोटो टाका.