अनुभव धागा: शेताच्या विसरलेल्या कोपऱ्यांत पायी फिरताना काय बघता?

पेरणी-काढणीसाठी शेतात रोज जाणं होतं, पण बांध, ओघळ, पडीक विहीर, पोटखराब्याचा (लागवडीस न येणाऱ्या जमिनीचा) तुकडा इथे वर्षवर्ष पाय पडत नाही. नेमकं काय तपासता ते लिहा.

कोरडवाहू, काळी जमीन
पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच फिरा. बांध माथ्यावरून नाही, पायथ्याकडून बघा. तिथे ओल किंवा गाळ दिसला की वर घुशीचं नाहीतर खेकड्याचं बीळ शोधायचं. नुसतं तोंड बुजवलं तर पाणी आतल्या पोकळीतून वाहत राहतं आणि बांध तिथेच फुटतो. बीळ शेवटापर्यंत उकरा, ओलसर माती (चिखल नको) वीतभर थरांनी भरा, प्रत्येक थर धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. भर चार बोटं उंच ठेवा, ती बसतेच.

ऊसपट्टा
वळवाचा पाऊस पडला की त्याच संध्याकाळी साडेसात-आठला बांधावरच्या कडुनिंब-बाभळीखाली बॅटरी घेऊन जा. हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) तपकिरी भुंगेरे पाला खायला जमतात. खाली ताडपत्री पसरा, फांद्या काठीने हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एक मादी 50-60 अंडी घालते, म्हणून अंडी घालण्याआधीच गाठायचे. एकट्याने करून भागत नाही, शिवारभर एकदम व्हायला हवं. आणि कृपा करून ती झाडं तोडू नका, भुंगेरे एका जागी सापडतात ते त्यांच्यामुळेच.

पडीक विहीर
बांधकामातलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, नंतर मुळं दगड ढकलतात. काठावरून हाताला येत नसेल तर राहू द्या. आत उतरू नका, तळाशी प्राणवायू कमी असू शकतो.

रत्नागिरी, सडा
सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर) भरदुपारी कातळशिल्पं, म्हणजे जुन्या काळी कातळात कोरलेली चित्रं, दिसत नाहीत. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या प्रकाशात कातळातली उथळ खोदरेघ सावली धरते. कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, त्यामुळे एखादी रेघ दिसली तर ती संपेपर्यंत चाला. खडूने गिरवू नका, पाणी ओतून घासू नका. फोटोत मापासाठी काठी ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. चिरेखाण (जांभा दगड काढायची खाण) सुरू करण्याआधी ही फेरी झालीच पाहिजे.

दगडी बांध
गमबूट हवेतच. काठी आपटली तरी घोणस बऱ्याचदा हलत नाही, जागीच फुत्कारते. चावल्यास कापू नका, आवळून बांधू नका, अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी दवाखाना गाठा.

हद्द
हद्दीचा दगड सरकलेला वाटला तर स्वतः रोवू नका, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.