मदत हवी आहे : बेटांवरच्या उंदरांचा आकार किती वेगाने वाढतो?

नमस्कार. बेटांवर लहान सस्तन प्राणी मोठे होत जातात आणि मोठे प्राणी लहान, या १९६४ साली जीवशास्त्रज्ञ जे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी मांडलेल्या निरीक्षणावर मी मराठीत एक लेख लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरातील गॉफ बेटावर एकोणिसाव्या शतकात सील या सागरी प्राण्यांची शिकार करणाऱ्यांच्या जहाजांतून साधे घरउंदीर पोहोचले आणि आज ते मुख्य भूमीवरील भाऊबंदांपेक्षा बरेच मोठे असून अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याची जिवंत पिल्लेही कुरतडून खातात. प्रयोगशाळेत सारख्याच आहारावर वाढवलेल्या त्यांच्या पिढ्याही मोठ्याच राहतात, म्हणजे हा फरक निव्वळ खाण्यापिण्याचा नाही, आनुवंशिक आहे.

माझा प्रश्न काळाविषयी आहे. ही वाढ बेटावर आल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत झपाट्याने होऊन मग मंदावते, की संथपणे चालूच राहते? स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरील रानउंदीर मुख्य भूमीवरील रानउंदरांच्या जवळपास दुप्पट वजनाचे आहेत, पण ते तिथे कितीतरी आधीपासून आहेत, त्यामुळे गॉफशी त्यांची सरळ तुलना करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय वजन ऋतूनुसार बदलते. तेव्हा कवटीची लांबी हेच अधिक भरवशाचे माप मानावे का?

जाता जाता आणखी एक अडचण : ‘माउस’ आणि ‘रॅट’ या दोन्हींना आपण उंदीरच म्हणतो, तर लेखात हा भेद कसा दाखवावा, हेही जाणकारांनी सुचवावे.