आंब्याचा वाळका पाला लवकर कुजवायला युरिया किती?

प्रश्न: परसात तारेच्या जाळीचा गोल केलाय, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. आत आंबा-फणसाचा वाळका पाला, अंदाजे ५० किलो. वरून पाणी मारूनही ढीग तापत नाही, दोन महिने पानं जशीच्या तशी. युरिया किती आणि कसा द्यायचा? की गूळ-ताक पुरेल?

प्रतिसाद १: पाऊण किलो, जास्त नको. पाल्यात कर्ब (कार्बन) सुमारे ४५ टक्के, म्हणजे साडेबावीस किलो. लवकर कुजायला कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण ३०:१ वर आणायचं तर ७५० ग्रॅम नत्र लागतं. ४०० ग्रॅमच्या आसपास पानांतच असतं, उरलं ३५०. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून पाऊण किलो. कोरडा फेकू नका. पाण्यात विरघळवून, ढीग नव्याने रचताना अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरावर झारीने द्या. निम्मा आता, निम्मा दहा दिवसांनी पालटताना. एकदम दिला तर अमोनिया होऊन उडतो. डोळे चुरचुरले की समजा पैसे हवेत गेले. सोबत राख-चुना अजिबात नको, सामू (pH) वाढला की नत्र आणखी उडतं.

प्रतिसाद २: हिशोब बरोबर, पण मला रोग पाण्याचा वाटतो. आंब्याचं पान चिवट आणि मेणचट, वरचं पाणी ओघळून खाली जातं नि गाभा कोरडाच राहतो. अशा ढिगात युरिया ओतून काही होणार नाही. पाला पोत्यात भरून तुडवा, रात्रभर पिंपात भिजवा, मग रचा. ५० किलोत जवळजवळ ५० लिटर पाणी मुरायला हवं. मूठ घट्ट पिळली की एक-दोन थेंब, धार नाही. गुळात नत्र जवळपास नसतंच, ताकात नाममात्र. त्यापेक्षा जुन्या शेणखताच्या दोन पाट्या मिसळा.

प्रतिसाद ३: युरिया नको असेल तर शेंगदाणा पेंड, सहा-साडेसहा किलो. भिजवून थरांच्या आत पसरा, वर राहिली तर घुशी आल्याच. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) झाडाचा ओला पाला फुकट मिळतो, पण त्यात बहुतांश पाणी. एकट्यावर भागवायचं तर १०० किलोच्या वर लागेल, जाळीत मावणार नाही.

प्रश्नकर्ता: दुकानात नीमकोटेड युरियाच मिळतो. चालेल?

प्रतिसाद १: चालेल. कडुनिंबाचा लेप अमोनियाचं नायट्रेट होणं मंदावतो, कुजणं अडवत नाही. तीन-चार दिवसांत गाभा ५५ अंशांवर जायला हवा. ६५ ओलांडले तर लगेच पालटा. तुडवल्यावर ढीग दीड फुटांवर बसला तर ऊब टिकणार नाही. आणखी पाला घाला, दर १० किलोला १५० ग्रॅम युरिया धरून.