दान श्रेष्ठ की कायदा? भूदानाचा दाखला देणाऱ्यांना उत्तर

बांधावरून
परवा एक पोस्ट फिरत होती. तिचा सारांश असा: "सरकारने एकाची जमीन काढून दुसऱ्याला देणं ही शिक्का मारलेली चोरी आहे. विनोबांनी बळजबरी न करता लाखो एकर मिळवून दाखवले. मनातून येतं तेच नैतिक, बाकी दंडेली." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली होती. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

विनोबांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० देऊ केले. ही घटना छोटी नाही. पण ती घडली कुठे? नलगोंडा जिल्ह्यात. तिथे १९४६ पासून सशस्त्र लढा चालला होता, लोकांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या होत्या, मग लष्कर आलं, जमीनदार परतले आणि आग धुमसत राहिली. विनोबांच्या शब्दाला वजन होतंच, पण त्या भीतीचंही होतं.

पुढे काय झालं तेही बघा. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळवायचे होते. मिळाले ४२ लाखांच्या आसपास. त्यातली बरीच जमीन खडकाळ, बरीच आधीच वादात अडकलेली. मोठ्यांनी दिलं ते बहुतेक नको असलेलं. दात्याच्या मुलाने उद्या नाही म्हटलं तर काय, दिलेली जमीन वाटायची कुणी, यासाठी बिहारला १९५४ मध्ये भूदान यज्ञ कायदा करावा लागला. म्हणजे दानालाही शेवटी कायद्याचाच टेकू लागला.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. दान देणारा ठरवतो किती द्यायचं, कुणाला, कधी, आणि घेणाऱ्याने नंतर कसं वागायचं. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ ला कूळ, म्हणजे खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारा, तिचा मालक झालं ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. त्याने पिढ्यानपिढ्या राबून खंड भरला होता. त्याला कुणाच्या ओसरीवर हात जोडून उभं राहावं लागलं नाही, याला मी नैतिक म्हणतो. ज्यांना ही चोरी वाटते त्यांनी त्या आधीच्या खंडाला काय म्हणायचं तेही सांगावं.

जुना_सातबारा
सांगतो. आमचे आजोबा प्राथमिक शिक्षक. नोकरी परगावी, म्हणून जमीन कुळाकडे. मोठे जमीनदार नव्हते, ओसरीवर कुणाला उभं करायला ओसरीही नव्हती. कूळ कायद्याच्या कलम ३२ग ची, म्हणजे कुळाने मालकाला द्यायची किंमत ठरवण्याची, नोटीस आली आणि किंमत ठरली. ती कशी ठरायची माहीत आहे ना? आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पट. आकार आण्यांत! तेही हप्त्यांनी. आमच्याकडे दोन हप्ते आले, पुढचे आलेच नाहीत. आजोबा मामलेदार कचेरीत खेटे घालून थकले.

आणि गावातल्या ज्याच्याकडे खरोखर जमीन होती, त्याने आधीच वकील गाठला. कुळांची नावं काढली, गडी लावून 'स्वतः कसतो' असं दाखवलं आणि सुटला. तुमच्या कायद्याने मोठ्याला हात लावला नाही, मास्तराला नागवलं. आमच्याच समाजातल्या कितीतरी घरांनी त्यानंतर गाव सोडलं. यावर आजवर कुणी चकार शब्द काढत नाही.

करदाता_एक
मास्तरांचं उदाहरण अपवाद नाही, तो या विचाराचाच परिणाम आहे. एकदा मान्य केलं की गरजेपोटी दुसऱ्याचं घेता येतं, की मग कुणाचं घ्यायचं हे ज्याच्या हातात शिक्का तो ठरवतो. दाद मागायची सोयही ठेवली नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट आणलं, त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हानच नको म्हणून. १९७८ ला मालमत्तेचा मूलभूत हक्कही काढला. इतकी कुलपं कशासाठी लावावी लागतात?

खंडकऱ्यांचं काय केलं ते आठवा. त्यांनी जमिनी साखर कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या. सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्यात, कारखान्यांकडची जमीन अतिरिक्त ठरली, तिच्याबरोबर यांचीही गेली, ती सरकारी शेती महामंडळाकडे. गरिबाला वाटायची म्हणून घेतली आणि सरकारच जमीनदार झालं. परत मिळायला लागली तोवर पन्नासेक वर्षं लोटली होती.

माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर जातो. सांगतात, रोजगार हमीसाठी. कोणाला मिळाले, कोणता रस्ता झाला, मला कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. दुसरीकडे एका मुलीच्या नर्सिंगची फी मी स्वतःहून भरतो. तिचा निकाल लागला की ती फोन करते. या दोन्हींत माणुसकी कशात आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बांधावरून
फी भरता हे चांगलंच आहे. पण उद्या तुमची नोकरी गेली किंवा तिने तुम्हाला न आवडणारं लग्न केलं, तर तिची फी कुठे जाईल? रोजगार हमीवरच्या (रोहयो) बाईने काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही तर तिला बेकारी भत्त्याचा हक्क आहे. तो मिळतो का, हा भांडणाचा विषय आहे. पण ती भांडू शकते. तुमच्या मुलीला तुमच्याशी भांडता येत नाही.

खंडकऱ्यांवर अन्याय झाला, हे नाकारत नाही. तो सरकारने जमीन घेतली म्हणून नव्हे, घेऊन वाटली नाही म्हणून झाला.

जुना_सातबारा
आणि मास्तरांवर?

कुळाची_नात
मी दुसऱ्या बाजूची. माझे आजोबा कूळ होते. मास्तरांचे हप्ते बुडाले ते वाईटच. पण कुळं नुसती फुकट मालक झाली अशा थाटात जे लिहिलं जातं, त्याला उत्तर देते.

आजोबांच्या थोरल्या भावाने ३२ग यायच्या आधीच 'राजीनामा' दिला. कागदावर लिहिलं होतं, "राजीखुशीने कूळहक्क सोडत आहे." खाली अंगठा. त्याच वर्षी मुलीच्या लग्नाला मालकाकडून पैसे उचलले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं ती राजीखुशी कसली. अशी घरं एक-दोन नव्हेत. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी कूळ कायद्याची पाहणी केली, तिच्यातही हे 'स्वखुशीने' सोडणं मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. म्हणून 'मनातून येतं तेच नैतिक' असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, समोरच्याला नाही म्हणायची सोय होती का?

आता पुढचं ऐका. आजोबांना मिळालेल्या त्या जमिनीसाठी माझ्या भावाने हक्कसोडपत्र आणलं, बहिणींनी आपला वाटा सोडल्याचा कागद. मोठ्या बहिणीने सही केली. त्याही कागदावर तेच शब्द आहेत, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता. ती सही करून आली आणि भावाने साडी नेसवली.

जुना_सातबारा
ताई, हा विषय वेगळा आहे. आमच्या तिन्ही आत्यांनी हसत सही केली. दिवाळीला, दुखण्याखुपण्याला माहेर उभं असतं. सगळ्यालाच दडपण म्हणायचं तर प्रेमाने काही करायचंच नाही का?

कुळाची_नात
वेगळा कसा? महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं ऐच्छिक दान भूदान नव्हे, हक्कसोडपत्र आहे. दर गावात, दर वर्षी. देणाऱ्या सगळ्या बायका आणि घेणारे बहुतेक भाऊ. इतकं एकाच दिशेने वाहणारं दान बघून तुम्हाला शंका येत नाही? आत्यांनी हसत सही केली म्हणता. सही केली नसती तर दिवाळीला माहेर उभं राहिलं असतं का, हे त्यांना एकटीला गाठून विचारा.

जुना_सातबारा
आमच्या आत्या तुमच्या वादातलं उदाहरण नाहीत. त्यांच्याबद्दल पुन्हा लिहू नका.

बांधावरून
आत्या तुम्हीच आणल्यात. आजोबांचं उदाहरण चालतं, आत्यांचं चालत नाही?

पाटपाणी
मूळ प्रश्नावर या हो. सीलिंगचं बोला. १९७५ नंतर बारमाही बागायत १८ एकर आणि कोरडवाहू ५४ ही मर्यादा. आमच्याकडे एका घराने ती पाळली ती गड्यांच्या आणि न जन्मलेल्या मुलांच्या नावावर. गावात सगळे ओळखतात, कुणी बोलत नाही. सक्तीचा कायदाही शेवटी ज्याचा हात वर त्याचाच. दानाची ओढाताण करण्यापेक्षा अंमलाचं बोला.

कुळाची_नात
बोलतेच आहे. १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने कायदा केला, म्हणून मला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका हक्क मिळाला. त्याच्या बळावर मी सही नाकारली आणि वाटपाचा दावा लावला. तेव्हापासून माहेरून फोन नाही. भाऊ गावभर सांगतो, मागितलं असतं तर दिलं असतं. मी मागितलं होतं.

करदाता_एक
ताई, तुमच्या दाव्याला माझा पाठिंबा आहे, आणि संमती खरी होती का हे तपासलं पाहिजे हेही मान्य करतो. सहीच्या वेळी बहिणीला एकटीला विचारायची सक्ती करा, मी विरोध करणार नाही. पण याने बांधावरून यांचा मुद्दा सिद्ध होत नाही. तुमचा हिस्सा मुळातच तुमचा आहे, तुम्ही आपलंच मागताय. कुळाला दिलं ते दुसऱ्याचं होतं.

बांधावरून
मुळातच कधीपासून? २२ जून १९९४ च्या आदल्या दिवशी त्यांचा तो हक्क नव्हता. तेव्हाचे भाऊही हेच म्हणत होते, आमचं काढून बहिणींना देताय. कायद्याने रेघ हलवली आणि आज तुम्हालाच ते त्यांचं मूळचं वाटतं. १ एप्रिल १९५७ ला रेघ हलली ती तुम्हाला चोरी वाटते. फरक सांगा.

जुना_सातबारा
फरक हा की बहीण त्याच घरात जन्मलेली असते. आणि रेघ कायद्यानेच ठरत असेल, तर उद्या तुमच्या राहत्या घरावरून ती फिरवली की ते तुम्ही निमूट सोडणार का? त्याचं आधी उत्तर द्या. मास्तरांचंही अजून दिलेलं नाही.

बांधावरून
निमूट नाही, भांडेन. बाजारभावाने भरपाई मागेन. मास्तरांसारख्या तुटपुंजी जमीन असलेल्या नोकरदारांना ती मिळायला हवी होती, हप्ते बुडाले तर सरकारने भरायला हवे होते. एवढं मी देतो. पण ती जमीन कुळाला मिळायला नको होती, हे मात्र म्हणणार नाही.

जुना_सातबारा
'एवढं मी देतो' म्हणायला ते तुमचं नव्हतं. थकलेले हप्ते आमचे होते.