महाराष्ट्र रणजी संघाच्या चाहत्यांची साइट: धावफलकाच्या पुढे काय टाकावं?

गहुंजे_गॅलरी

नमस्कार मंडळी. मी आणि माझे दोन मित्र मिळून महाराष्ट्राच्या रणजी संघावर साइट चालवतो. महाराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र. मुंबई नाही, विदर्भ नाही. हे दर वेळी सांगावं लागतं यातच अर्धं दुखणं आलं. एका राज्यात तीन संघ. मुंबईकडे 42 रणजी करंडक, विदर्भाने 2017-18 पासून तीन उचलले, आणि आपल्याकडे दोन, तेही 1939-40 आणि 1940-41 चे, प्रा. दि. ब. देवधर कप्तान असताना. नंतर तीनदा फायनल गाठली आणि तिन्ही वेळा हरलो. त्यामुळे चाहते मोजकेच, पण जे आहेत ते चिवट.

साइटवर सध्या धावफलक आहेत, गुणतक्ता आहे, खेळाडूंची पानं आहेत (जन्मतारीख, उजवा की डावा, सरासरी) आणि बातम्या आहेत. बातम्या म्हणजे खरं सांगायचं तर इंग्रजी बातमी मराठीत फिरवलेली. लोक येतात, स्कोअर बघतात, जातात. तोच स्कोअर बीसीसीआयच्या साइटवर आमच्या आधी दिसतो, मग आमच्याकडे थांबायचं कशाला? 2022 मध्ये विजय हजारे करंडकात आपल्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले तेव्हा साइटवर झुंबड उडाली होती. आठवड्यात पुन्हा सामसूम.

एका मित्राचं म्हणणं, लाइव्ह स्कोअरचं विजेट लावू, क्विझ ठेवू, फॅन्टसी टीमच्या टिप्स देऊ. मला पटत नाही, पण त्याच्यासमोर ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. पैसे नाहीतच म्हणा. वेळ मिळतो तो रात्री जेवणं झाल्यावर. काय वाढवावं की माणूस पाच मिनिटं तरी थांबेल?

डेक्कनचा_डावखुरा

फॅन्टसी टिप्स देणाऱ्या साइट पैशाला पासरी आहेत, त्यात तुमची कोण बघणार? त्यापेक्षा रील करा. लांबलचक वाचायला कुणाला वेळ आहे? ऋतुराजचं नाव टाका, लोक येतील. मी तरी रणजीचा धावफलक शेवटचा कधी उघडला आठवत नाही.

पर्वरीकर

गोव्याहून. साइट पाहिली, चांगली आहे. पण "रणजीतली सर्वांत मोठी भागीदारी" या पानावर अजून गुगळे-बावणे यांची नाबाद 594 आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आमच्या पर्वरीच्या मैदानावर कश्यप बखले (नाबाद 300) आणि स्नेहल कवठणकर (नाबाद 314) यांनी अरुणाचलविरुद्ध नाबाद 606 केल्या. प्लेट गटातला, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातला, सामना होता आणि अरुणाचलचा पहिला डाव 84 वर आटोपला होता, हे कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणतो. तरी विक्रम तो विक्रम.

एक सुचवतो. विक्रमाच्या प्रत्येक पानावर "अमुक तारखेपर्यंत" असं लिहा. आणि मोडलेला विक्रम पुसू नका, खाली ठेवा. 594 च्या आधी हजारे आणि गुल महंमद यांची 577 होती, बडोद्यासाठी, 1946-47 मध्ये. अशी उतरंड दिसली की मी तरी पूर्ण वाचतो.

स्कोअररकाका

पुण्यात क्लब क्रिकेटची स्कोअरबुकं भरण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे चार शब्द जास्त लिहीन. चालवून घ्या.

विजेट नको. विजेट दुसऱ्याचं असतं, ते बंद पडलं की तुझं पान रिकामं. आणि खेळाडूंची ती ढीगभर पानं वाढवत बसू नकोस. जन्मतारीख आणि सरासरी वाचून कुणाला कधी क्रिकेट कळलं? त्याऐवजी एक सामना घे. एकच. आणि त्याचं असं पान कर की त्या सामन्याबद्दल कुणाला काही हवं असलं तर तुझ्याकडेच यावं लागेल.

उदाहरण देतो. तुझ्या साइटवर भाऊसाहेब निंबाळकरांचं पान आहे. त्यात काय आहे? "सर्वोच्च धावसंख्या: नाबाद 443." संपलं! अरे, ती 443 म्हणजे आपल्या घरची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तू ती चौकटीत एका आकड्यात बसवलीस.

डिसेंबर 1948, पुणे, समोर काठियावाड. काठियावाड 238 वर बाद. आपले 4 बाद 826. कमल भांडारकर 205, निंबाळकर आणि ते मिळून दुसऱ्या गड्यासाठी 455. निंबाळकर 443 वर असताना सुट्टी झाली. ब्रॅडमनच्या नाबाद 452 या तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा नऊ धावा कमी. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी डाव घोषित करा म्हणून हट्ट धरला, आणि शेवटी सामना सोडून संघ घेऊन निघून गेले. नऊ धावांसाठी दोन ओव्हर पुरल्या असत्या. आजही रणजीत चारशेच्या पुढे गेलेला हा एकच माणूस, आणि त्याला एकही कसोटी मिळाली नाही. निंबाळकर 2012 मध्ये कोल्हापुरात वारले, 11 डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी वयाची 93 वर्षं पुरी झाली असती.

यातलं धावफलकात काय दिसतं? 826 वर डाव थांबला एवढं दिसतं. का थांबला ते दिसत नाही. तुझं काम तिथून सुरू होतं.

आता त्याच मोसमात पुढे जा. मार्च 1949, सेमीफायनल, पुन्हा पुणे, समोर मुंबई. मुंबई 651, आपण 407, मुंबई 8 बाद 714 घोषित, आपण 604. सामना सात दिवस चालला. चौथ्या डावात सहाशे करून आपण 354 धावांनी हरलो! एकूण 2376 धावा. प्रथम श्रेणीच्या सामन्यात इतक्या धावा आजवर कधीच झालेल्या नाहीत. शतकं नऊ. मुंबईकडून माधव मंत्रींचं द्विशतक, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर दोघांची दोन्ही डावांत शतकं. आपल्याकडून रेग्यांची दोन्ही डावांत. हे दोन सामने शेजारी ठेव आणि मग पुण्याच्या तेव्हाच्या खेळपट्ट्यांवर एक परिच्छेद लिही. बोलरांची दया येईल वाचणाऱ्याला. असं पान आणखी कुणी मराठीत केलेलं असेल तर मला दाखव, मी स्वतः येऊन तुझी माफी मागतो.

अलीकडचंही घे, नाहीतर म्हणशील काका जुनंच उगाळतात. ती 594. ऑक्टोबर 2016, दिल्लीविरुद्ध, पण सामना वानखेडेवर, कारण त्या मोसमात बोर्डाने सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर ठेवले होते. स्वप्निल गुगळे नाबाद 351, अंकित बावणे नाबाद 258. कप्तान गुगळेच. त्याने 2 बाद 635 वर डाव सोडला. संगकारा-जयवर्धनेंची 624 ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी तीस धावांवर होती. लोक हळहळले. पण पुढे काय झालं ते बघ. दिल्लीने 590 केल्या, ऋषभ पंतच्या 308. म्हणजे पहिल्या डावाची आघाडी फक्त 45 ची, आणि तिच्यावर तीन गुण मिळाले. डाव कधी सोडावा यावर वाचकांना भांडू दे त्या पानावर. आणि त्या दिवशी वानखेडेवर हजर असलेला एक तरी माणूस शोध. पॅव्हेलियनमध्ये चहा देणारा चालेल, ग्राउंड्समन चालेल.

वर रीलवाल्या डावखुऱ्यांना एवढंच, की रील जरूर करा, पण त्यात बोलायला काहीतरी लागतं ना?

सांगलीची_कव्हरड्राइव्ह

काकांशी सहमत, पण साइटच्या नावात "महाराष्ट्र संघ" आहे आणि महिला संघाचं एकही पान नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का? आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ऑक्टोबर 2013 मध्ये वडोदऱ्यात 19 वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध 150 चेंडूंत नाबाद 224 केल्या होत्या. महाराष्ट्राकडूनच. बॅट राहुल द्रविडची. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरची अनुजा पाटील, पुण्याची देविका वैद्य, दोघी भारताकडून खेळल्या. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातली, 2022 मध्ये नागालँडकडून टी-20 त 162 करून गाजली. ती इथून तिकडे का गेली, यावर एक लेख तर हवाच.

आणि एक फायदा सांगते. पुरुषांच्या सामन्यांवर तुमच्या आधी दहा जण लिहून मोकळे होतात. महिलांच्या देशांतर्गत सामन्यांना मैदानात आईवडील आणि कोच सोडून कुणी नसतं. तुम्ही एक वही घेऊन बसलात तरी त्या सामन्याचा मराठीतला एकमेव वृत्तान्त तुमचा. मी मिरजेपर्यंत कुठेही जायला तयार आहे, सांगा.

फॉन्टफकीर

मजकुराचं वर आलंच आहे, मी फक्त नळदुरुस्तीचं बोलतो.

तुमचे जुने धावफलक फोटो म्हणून टाकलेत. फोटोतलं नाव शोधात येत नाही, मोबाइलवर वाचताही येत नाही. साधा तक्ता करा. स्मरणिकेतले जे लेख श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेले पडलेत ते युनिकोडमध्ये बदलून घ्या, फुकट कन्व्हर्टर मिळतात, फक्त रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासा. जुन्या छापील कात्रणांसाठी टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) वापरा. मराठी येतं त्याला, फिकट न्यूजप्रिंटवर मात्र रडतं. पानाच्या पत्त्यात खेळाडूचं नाव रोमन लिपीत ठेवा, कारण लोक मोबाइलवर रोमनमध्येच शोधतात. निंबाळकर-निम्बाळकर अशी दोन्ही रूपं मजकुरात कुठेतरी येऊ द्या.

फोटोंचं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छापून आलेल्या फोटोचं संरक्षण 2012 च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं होतं. म्हणजे 1949 मध्ये पेपरात आलेला फोटो 2010 पासून मोकळा. नाव घालून लिहिलेल्या लेखाचं, आणि त्या दुरुस्तीपासून फोटोचंही, गणित वेगळं, तिथे लेखकाच्या किंवा फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. घरच्या अल्बममधला, कधीच न छापलेला फोटो असेल तर कुटुंबाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि सध्या बातम्यांसोबत जे एजन्सीचे फोटो लावलेत ते आजच काढा, नोटीस आली की होस्टिंगवाला तुमची बाजू ऐकून घेत नाही.

गहुंजे_गॅलरी

सगळ्यांचे आभार. 606 टाकले, तारखेसह, आणि 594 व 577 खाली ठेवल्या. एजन्सीचे फोटो काढतोय. सांगलीच्या ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, महिला संघाचं पान तुमच्याच नावाने सुरू करू.

काका, एक शंका. निंबाळकरांचं पान पुस्तकं-पेपर चाळून होईल. पण 594 च्या वेळचा माणूस, फायनल खेळलेले लोक, यांच्याकडे जाऊन विचारायचं काय? मी एकदा एका माजी खेळाडूला भेटलो होतो. "त्या वेळी कसं वाटलं?" विचारलं तर म्हणाले, "छान वाटलं." पुढे संभाषण सरकेना.

स्कोअररकाका

कसं वाटलं हे विचारूच नकोस. त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच असतं. धावफलकाची प्रत घेऊन जा, त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. माणूस आधी स्वतःच्या नावावर बोट ठेवतो. मग दुसऱ्याच्या नावावर ठेवतो आणि म्हणतो, "हा बाद नव्हता." तिथून पुढे तुला काही विचारावं लागत नाही. पॅड कुणाचे होते, रात्री उतरायची सोय कुठे होती, भत्ता किती मिळायचा, लंचला काय असायचं, एवढं विचार. फोन रेकॉर्डवर ठेव, पण आधी सांगून. दोन माणसांनी एकाच विकेटची दोन वर्णनं दिली तर दोन्ही छाप, कोण खरा हे ठरवत बसू नकोस.

आणि क्रम चुकवू नकोस. 2013-14 ची हैदराबादची फायनल, कर्नाटकविरुद्धची, केदार जाधवच्या 1223 धावांचा मोसम, ती पोरं अजून तरुण आहेत, ती कुठे जात नाहीत. 1992-93 ची पंजाबविरुद्धची फायनल खेळलेलेही तसे भेटतील. आधी 1970-71 वाल्यांकडे जा, जे आहेत त्यांच्याकडे. समोर मुंबई होती, पण कुठली मुंबई? गावस्कर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला गेलेले, कप्तान सुधीर नाईक. आपल्याकडे चंदू बोर्डे. आणि आपण 48 धावांनी हरलो. त्या 48 धावा कुठे गेल्या ते विचारून ये. इतकी वर्षं पुण्यात ऐकतोय, प्रत्येक जण वेगळ्याच माणसाचं नाव घेतो.